अण्णा कुणाच्या मागं पळतात?

आमच्या आणि शेजारच्या बंगलीमधली भिंत माझ्या खांद्याला लागते आणि वहिनींच्या हनुवटीला. म्हणून वहिनींनी त्यांच्या बाजूला दोन विटा टाकून ठेवल्यात. विटांवर उभ्या राहिल्या की त्या थेट विठोबासारख्या दिसतात. फरक एवढाच की हात कमरेवर नसतात. हातांना काहीतरी निवडायचं असतं. पावसाळ्यात पालेभाजी, उन्हाळ्यात गहू आणि आता जानेवारीत मटार. भिंतीवर मधोमध परात, शेंगा दोघींच्या, दाणे एकत्र, आणि शेवटी वाटणी. वाटणी नेहमी वहिनी करतात.

बिबवेवाडीत अशा भिंती आता मोजक्याच राहिल्यात. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बंगल्या पाडून इमारती झाल्या. इमारतीत भिंत दोन घरांत सामाईक असते खरी, पण तिच्यावरून बोलायचं कसं?

तर त्या दिवशी माझ्याकडं बातमी होती. आदल्या संध्याकाळी कोपऱ्यावरच्या काकूंनी दिलेली, ‘कुणाला सांगू नका हं’ या शिक्क्यासकट. आणि बातमी वहिनींच्याच यजमानांची. सांगावी तर पंचवीस वर्षांच्या शेजाराला तडा, न सांगावी तर माझ्या पोटात कळ. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केली, गोपनीय अहवाल हाताळले, एक अक्षर बाहेर गेलं नाही. पण त्याचा पगार मिळत होता. निवृत्तीनंतर फुकट कोण पोटात ठेवील?

“अण्णा आले का पळून?” मी हळूच सुरुवात केली.

“पळून गेलेली माणसं परत येत नसतात, ताई. पळून झालं म्हणा. आले, अंघोळ झाली, आता पेपरात थंडी वाचत बसलेत.”

अण्णा म्हणजे अख्ख्या गल्लीचे अण्णा. पीएमटीत ड्रायव्हर होते. पहाटेची पहिली गाडी काढायची म्हणून जन्मभर साडेतीनला उठले, आणि रिटायर झाल्याचं त्यांच्या शरीराला कुणी कळवलंच नाही. साडेतीनला डोळे टक्क उघडे. पहिला महिना त्यांनी अंधारात घरातले डबे इकडचे तिकडं करण्यात घालवला. डाळीच्या डब्यात रवा सापडला त्या दिवशी वहिनी म्हणाल्या, “बाहेर जा. कुठंही जा, उजाडल्यावर या.” अण्णांचं सगळं पळणं त्या एका वाक्यातून निघालेलं आहे. प्रकृतीबिकृती हे नंतर लोकांना सांगायला.

आधी ते चालायचेच. गंगाधामपर्यंत जायचं आणि परत. मग डिसेंबर लागला, थंडी पडली आणि चालताना दात वाजायला लागले. थंडी वाजते म्हणून माणूस घरी परततो. अण्णा थंडी वाजते म्हणून पळायला लागले. शेकोटीला लाकडं लागतात, पळायला काय लागतं? ड्रायव्हरच तो, त्यांचं म्हणणं असं की माणूस म्हणजे फार तापणारं इंजिन. जे खाल्लं त्यातला जेमतेम चौथा हिस्सा पाय हलवायला जातो, बाकीची सगळी ऊब होऊन अंगात साठते. उन्हाळ्यात ती ऊब बाहेर टाकता टाकताच जीव मेटाकुटीला येतो. थंडीत रेडिएटरची काळजी नाही. “काकडायला होतं ते पहिली दहा मिनिटं. त्यानंतर डिसेंबरसारखा महिना नाही,” असं ते म्हणतात, आणि खरंच जगभरचे मॅरेथॉनवाले दहा-बारा अंशांच्या हवेवर जीव टाकतात. पुण्यात ती हवा देव पहाटे फुकट वाटतो. आपण ती दुलईत लोळून घालवतो आणि दहा वाजता भिंतीशी येऊन थंडीच्या नावानं ओरडतो.

“त्या वॉचमनचं काय झालं पुढं?” मी विचारलं. किस्सा ठाऊक होता मला. मूळ बातमीकडं जायचा रस्ता शोधत होते मी.

नव्या इमारतीचा वॉचमन नवीन होता. पहाटे साडेचारला माकडटोपी घातलेला, हातात काठी घेतलेला माणूस गल्लीतून धावत निघालाय असं त्याला दिसलं. त्यानं शिट्टी मारली आणि मागं धावला. अण्णांना वाटलं, चला, जोडीदार मिळाला! त्यांनी वेग वाढवला. वॉचमननं वाढवला. शिट्टी ऐकून कुत्री निघाली. अशी ही वरात थेट पुष्पा मंगल कार्यालयाच्या चौकापर्यंत गेली. तिथं वॉचमन गुडघ्यांवर हात ठेवून थांबला, आणि अण्णांनी परत येऊन त्याची पाठ थोपटली, “पहिल्याच दिवशी एवढं नको. हळूहळू वाढव.”

वहिनी हे सांगताना नेहमी इतक्या हसतात की विटांवरून उतरावं लागतं. त्या दिवशीही उतरल्या. त्या खाली असताना मी म्हटलं, “वहिनी, एक विचारू का...”

तेवढ्यात पेपर हातात घेऊन अण्णाच बाहेर आले.

“ताई, शिवाजीनगरचा आकडा बघितलात? आणि पाषाणचा त्याच्याहून खाली! मगरपट्ट्याला मात्र मजा आहे.” पुण्यात थंडीचे आकडे क्रिकेटच्या स्कोअरसारखे वाचतात. बिबवेवाडीचा आकडा त्यात मला तरी कधी दिसला नाही, आणि हे अण्णांचं जुनं दुखणं. “१९३५ साली, १७ जानेवारीला, पुण्यात पारा १.७ वर गेला होता. एक पूर्णांक सात! आणि आज लोक बारा अंशांना हिमालयात असल्यासारखे मफलर गुंडाळतात.”

“पण वारा बोचतो ना अण्णा,” मी म्हटलं.

झालं. या माणसापुढं वारा हा शब्द काढायचा नसतो.

“थांबा. पुण्याची खरी थंडी वारा नसतानाच पडते. आभाळ निरभ्र, पान हलत नाही, अशा रात्री जमीन आपली सगळी ऊब वर सोडून देते. गार हवा जड, ती घरंगळत खाली येते आणि सखल जागी बसते. पहाटे आंबील ओढ्याच्या बाजूनं जाऊन बघा, पाण्यात पाय सोडल्यासारखा गारवा गुडघ्यापर्यंत असतो. चढावर आलात की कमी. वारं सुटलं की वरची-खालची हवा ढवळली जाते आणि पारा उतरतच नाही. म्हणजे पेपरात आकडा जास्त आणि अंगावर काटा जास्त, अशी गंमत. अंगाभोवती आपलीच ऊब पातळ पांघरुणासारखी असते, वारा ते पांघरूण ओढून नेतो.”

“आणि वारा नसला की?”

“की आपणच वारा करतो. स्कूटरवर बसल्यावर होतं तेच. म्हणून छातीला पेपर.” त्यांनी हातातल्या पेपरावर थाप मारली. “रोज मी शिळा पेपर घडी करून बनियन आणि स्वेटरच्या मध्ये घालतो. पुढून वारा आत येत नाही, पाठ मोकळी, घाम तिकडून जातो.”

हे मात्र मला पटलं. आमचे सासरे चेतकवरून कॅम्पात कामाला जायचे तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्वेटरच्या आत वर्तमानपत्र असायचंच. जुन्या पुणेकराला पेपर आधी वाचायला आणि मग पांघरायला लागायचा. अण्णांच्या हातातही मोजे असतात, हातमोजे नव्हे, पायमोजेच. जुने, टाचेला भोक पडलेले. भोकातून अंगठा बाहेर येतो, म्हणजे घड्याळाचं बटण दाबता येतं. नव्या पोरांच्या हजार रुपयांच्या हातमोज्यांना ही सोय नाही असं ते अभिमानानं सांगतात.

ते चहाला आत वळले आणि मी पुन्हा तोंड उघडलं. पण आज नशीबच आडवं. भाजीवाल्या मावशींची पाटी भिंतीवर येऊन टेकली.

“काय चाललंय? अण्णांचं पळणं? आज पण दिसले मला, मार्केट यार्डात जाताना. टेंपोतून हाक मारली, ‘बसा, सोडते.’ तर हात हलवून पुढं.”

मावशी पहाटेच गुलटेकडीला पोचतात. मार्केट यार्ड त्या वेळी पुण्यातली सगळ्यात जागी जागा. पोती उतरवणारे हमाल, वाफाळता चहा, कोबीच्या ढिगांवर बसलेलं दव. हमाल एका बनियनवर असतात, घाम निथळत असतो. थंडी बघायची असली तर तिथं नाही सापडायची. अण्णांनाही आता तिकडून जायचं नको वाटतं, पण ते धुरामुळं. थंडीत पहाटेची हवा जड होऊन खाली बसते ना, ती गाड्यांचा धूरही सोबत दाबून धरते. म्हणून ते सातारा रस्ता ओलांडून तळजाईला जायला लागले. वर झाडी आहे, मोर आहेत, पायाखाली माती आहे. आणि जिथं झाडी संपून उघडा माळ लागतो, तिथं वारा आहे.

तळजाई! माझ्या बातमीचं घटनास्थळ. मी घसा साफ केला. पण वहिनी माहेरी पोचल्या होत्या.

“आमच्या माणात येऊन बघा म्हणावं वारं,” वहिनी म्हणाल्या. “आडोसा म्हणून नाही. माळच माळ. पोरी शाळेला जायच्या त्या वाऱ्याला डोकं देत. म्हणून तर तिथं ललिता बाबर तयार झाली.”

वहिनींचं माहेर माण तालुक्यातलं, ललिता बाबरच्या मोहीपासून फार लांब नाही. त्या तिच्याबद्दल बोलतात ते घरातल्या पोरीसारखं. मुंबई मॅरेथॉनला २०१२, २०१३, २०१४ अशी तीन वर्षं लागोपाठ भारतीय बायकांत पहिली. मग २०१६ ला रिओ ऑलिंपिकात तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी एक भारतीय बाई ट्रॅकवरच्या फायनलला उभी राहिली आणि दहावी आली. “माणदेशी एक्सप्रेस! गावाला रेल्वे नाही, पण एक्सप्रेस आहे,” हे वहिनींचं ठरलेलं वाक्य.

हे ऐकलं की मला गप्प बसवत नाही. माझं माहेर बेळगावचं. “वहिनी, तुमची ललिता २०१६ ची. आमचे फडेप्पा चौगुले १९२० चे.”

“आलं का बेळगाव!” मावशी पाटी सावरून बसल्याच.

आलंच. का येऊ नये? ऑलिंपिकची मॅरेथॉन पळणाऱ्या पहिल्या भारतीयांत आमचा बेळगावचा गडी होता, आणि ती सगळी कथा सुरू झाली इथं पुण्यात. १९१९ साली डेक्कन जिमखान्याच्या मैदानी शर्यती होत्या, दोराबजी टाटा अध्यक्ष. शेतकरी घरातली पोरं अनवाणी, कसलंही शिक्षण नसताना, लांबच्या शर्यती अशा वेळेत पुरी करताना त्यांनी बघितली की ती वेळ युरोपात धडे घेऊन पळणाऱ्यांच्या जवळ जाईल. मग त्यांनी खटपट केली, पैसे उभे केले, पुण्यातच चाचणी घेतली आणि पुढच्या वर्षी भारताचा चमू बोटीनं अँटवर्पला गेला. मॅरेथॉनला चौगुले आणि साताऱ्याकडचे सदाशिव दातार.

“सातारा!” वहिनींनी लगेच हक्क सांगितला.

“दातारांना शर्यत पुरी करता आली नाही,” मी म्हटलं. खरं ते बोलायला काय हरकत? “चौगुल्यांनी केली. २२ ऑगस्टचा दिवस, पण हवा आपल्या थंडीहून वाईट. गारठा आणि वरून पावसाची भुरभुर. अंतरही नेहमीच्या मॅरेथॉनचं नव्हे, अर्ध्या किलोमीटरहून जास्तच. फिनलंडचा कोलेमाइनेन पहिला आला, आणि आमचे चौगुले दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे. बेळगावच्या माणसाला पाऊस-वारा सवयीचा. त्या गारठ्याला ते बुजले नाहीत याचं आम्हांला आश्चर्य नाही.”

“आमच्या आष्टीच्या पोराला ह्यात कुठं बसवता?” मावशी म्हणाल्या. मी विसरलेच होते, मावशी बीडकडच्या. “साबळ्याचा अविनाश. मांडव्याचा. बाप वीटभट्टीवर. पोरगं मिलिटरीत गेलं, सियाचिनला राहिलं, जिथं थुंकी जमिनीवर पडेस्तोवर गोठते म्हणतात. तुमची थंडी न् माझी थंडी काय सांगता?”

आता यावर काय बोलणार? अविनाश साबळे लष्करात भरती होईपर्यंत खेळाडू म्हणून पळालेलाच नव्हता. सियाचिन झालं, राजस्थान झालं, आणि मग पलटणीत क्रॉस कंट्री पळायला लागला. २०२० च्या नोव्हेंबरात दिल्लीची हाफ मॅरेथॉन त्यानं एक तास तीस सेकंदांत संपवली. तोवर एकाही भारतीयाला एकसष्ट मिनिटांच्या आत येता आलं नव्हतं. त्याची मूळ शर्यत स्टीपलचेस, ललिताचीच. २०२२ ला बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलात रौप्य, आणि सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या भागानं. मावशींना हे सगळं तोंडपाठ, आणि मेथीची जुडी मोजताना मात्र चुकतात. चूक नेहमी त्यांच्या फायद्याची.

माण, बेळगाव, आष्टी. भिंतीवर तीन माहेरं मांडून झाली आणि परात निम्मी भरली. मावशी दुष्काळी भागाला दुष्काळी भागाचा निरोप देऊन, म्हणजे वहिनींना चार मिरच्या जास्त टाकून, गेल्या. मला दोनच.

“डिसेंबरातला ताप गेला ना पुरता?” मी विचारलं. हा रस्ता बातमीच्या जवळून जात होता.

पुण्यात डिसेंबर म्हणजे मॅरेथॉनचा महिना, १९८३ पासूनच. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, ही आमच्या पिढीची सवय. लहान मुलांना खांद्यावर घेऊन आम्ही केनियाची, इथिओपियाची माणसं बघायला रस्त्याकडेला उभे राहायचो. आता तर हिवाळ्यात दर रविवारी कुठं ना कुठं रस्ता बंद असतो. त्यातल्याच एका शर्यतीत, नाव घेत नाही, अण्णा एकवीस किलोमीटरला उतरले. घातलं काय? दोन स्वेटर, आत सुती बनियन, गळ्याला मफलर. चौथ्या किलोमीटरला एक स्वेटर कमरेला, सातव्याला दुसरा स्वेटर रस्त्याकडेच्या अनोळखी माणसाच्या हातात. (तो स्वेटर वहिनींनी विणलेला होता. तो माणूस अजून शोधतायत.) येताना समोरून वारा आला, बनियन घामानं चिंब. सुती कपडा घाम सोडत नाही, ओला फडका अंगाला गुंडाळून उभं राहावं तसं होतं. पळत होते तोवर अंग गरम होतं. संपल्यावर मेडलच्या रांगेत अर्धा तास उभं केलं, वारा चालू, ऊब बंद. संध्याकाळी हुडहुडी आणि ताप. मेडल गळ्यात घालून काढा पीत बसलेले अण्णा सगळ्या गल्लीनं पाहिले.

“आता शहाणे झाले,” वहिनी म्हणाल्या. “निघताना कुडकुडत निघायचं, म्हणजे दहा मिनिटांनी बरोबर होतं. सुती बनियन बंद. संपल्या संपल्या आधी कोरडा कपडा, मेडल मागनं. आणि वारा असला की जाताना समोरून घ्यायचा, येताना पाठीवर. घामेजलेल्या अंगानं वाऱ्यात तोंड घालायचं नाही. हे सगळं त्या पोरीनं शिकवलं.”

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

“कुठल्या पोरीनं?”

“तळजाईवर येते ती. इंजिनिअरिंगला आहे, अप्परला आमच्या. तुम्हांला बोलले नाही होय?”

आता मागं फिरण्यात अर्थ नव्हता. “वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. कोपऱ्यावरच्या काकू तळजाईला हास्यक्लबाला जातात. त्यांनी बघितलं. अण्णा एका तरुण मुलीच्या मागं पळतात म्हणे. मागं म्हणजे अगदी हातभर अंतरावर. ती पुढं आणि हे... मागं.”

मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तर वहिनी विटांवर नव्हत्या. भिंतीच्या पलीकडून नुसता आवाज येत होता. मला वाटलं, रडतायत. मग कळलं, खोकेपर्यंत हसत होत्या.

“अहो ताई,” त्या वर आल्या, पदरानं डोळे पुसत. “वारा असतो तिथं माळावर! समोरनं वारं आलं की एकानं पुढं व्हायचं, दुसऱ्यानं त्याच्या आडोशाला पळायचं. हे तर ड्रायव्हर. घाटात ट्रकच्या मागं गाडी लावली की हलकी चालते, हे ह्यांना नको सांगायला. त्या पोरीला यांनीच सुचवलं. वारा दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हे गणित तिनं ह्यांना सांगितलं. आणि आडोशाला गेलं की श्वास कसा सुटसुटीत होतो ते ह्यांनी तिला. तिला मी डिंकाचे लाडू पाठवते.”

मी वरमले. जास्त वरमले ते अशासाठी की ही आडोशाची गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती आणि तरी डोक्यात काकूंचंच ‘मागं’ बसलं होतं.

माझी भाची बोस्टनला असते. तिथली मॅरेथॉन एप्रिलात, म्हणजे आपल्याकडं कैऱ्यांचं लोणचं घालायच्या वेळेला. २०१८ साली १६ एप्रिलला तिथं असा पाऊस आणि असा समोरचा वारा होता की भाचीची छत्री उलटी होऊन तिच्याच डोक्यावर बसली. नावाजलेले धावपटू एकामागून एक शर्यत सोडून गेले. अमेरिकेच्या डेझिरे लिंडनलाही सुरुवातीलाच वाटलं, आज काही खरं नाही, आपण सोडून देऊ. ती शेजारी पळणाऱ्या शलेन फ्लॅनगनला म्हणाली, मी बहुतेक थांबणारच आहे, तोवर तुला वाऱ्याला आडोसा वगैरे हवा असेल तर सांग. पुढं फ्लॅनगनला मध्येच शौचाला जावं लागलं तर ही तिच्यासाठी हळू झाली, तिला परत घोळक्यात आणून सोडायला. आणि दुसऱ्यांना आडोसा देता देता ही बाई शर्यत जिंकली! तेहतीस वर्षांनी अमेरिकन बाई पहिली आली.

पुरुषांत कोण जिंकलं माहिती आहे? जपानचा युकी कावाउची. शाळेच्या ऑफिसात कारकून! नोकरी सांभाळून पळायचा, स्वतःच्या खर्चानं. त्याच वर्षी १ जानेवारीला बोस्टनजवळच्या मार्शफील्डला उणे सतरा अंशांत तो मॅरेथॉन पळाला होता, आणि ती पुरी करणारा एकटाच निघाला. कारकून लोकांत चिकाटी असते हे मी तीस वर्षं सांगत होते, कुणी ऐकत नव्हतं. त्याचा फोटो मी फ्रिजवर लावलाय.

“म्हणजे तुम्हांला सगळं माहिती होतं,” वहिनी म्हणाल्या, “आणि तरी त्या कोपऱ्यावरचीचं ऐकलंत.”

“बोस्टन लांब आहे हो वहिनी. तळजाई जवळ.”

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. आतून अण्णांनी विचारलं, पेपरातलं आतलं पान वाचून झालंय का, उद्या छातीला लावायचंय. वहिनींचा भाचा गेल्या डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरण्याची त्रेपन्न किलोमीटरची डोंगरशर्यत पळाला, तेव्हापासून अण्णांच्या मनात तेही आहे. तिथं डोंगराच्या धारेवर वारा दोन्हीकडून येतो आणि आडोसा द्यायला पुढं कुणी असेलच असं नाही. वहिनींनी सध्या अकरा किलोमीटरवालीला परवानगी दिली आहे, तीही नवा स्वेटर विणून झाल्यावर.

शेंगा संपल्या. वहिनींनी परात आपल्याकडं ओढली आणि वाटणी करता करता म्हणाल्या, “त्या बाईंना माझा निरोप सांगा. शंभर पावलं ती पोरगी पुढं असते आणि शंभर पावलं हे. अजून शंभर पावलं थांबून बघायला काय झालं होतं म्हणावं?”

माझ्या वाट्याला त्या दिवशी एक वाटी मटार कमी आले.